सुप्रभाताईंचा पडलेला घोडा

इंग्लंडात वॉटफर्डजवळ छोट्या प्रतिकृती करणाऱ्यांचा एक मॉडेल क्लब आहे. त्यात सुप्रभाताई सोडल्या तर सगळे पुरुष. त्या पहिल्यांदा गेल्या तेव्हा क्लबचा चेअरमन रॉजर याने मोठ्या प्रेमाने किटली कुठे आहे ते दाखवलं. सुप्रभाताई म्हणाल्या, "माझ्यासाठी बिनसाखरेचा," आणि खुर्ची ओढून बसल्या. तेव्हापासून त्यांचा चहा रॉजरच करतो. इथे चेअरमनलाही नुसतं नावाने हाक मारतात, त्यामुळे हे सगळं त्यांना फार सोपं गेलं.

क्लबात सगळ्यांना टँकचं वेड. निवृत्त झालेली चांगली कर्तीसवरती माणसं हिवाळाभर भिंगाखाली डोळे फोडून घेतात आणि वीतभर टँकवर रंगाने गंज चढवत बसतात. त्यातही जर्मन टँकला मान मोठा. सुप्रभाताईंनी आजवर एकही टँक केलेला नाही. त्या दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन सैन्याच्या घोडागाड्या करतात. दारूगोळ्याची गाडी, जखमींची गाडी, धुराड्यासकट चालणारी स्वयंपाकाची गाडी. बघणाऱ्याला नवल वाटतं, कारण जर्मन म्हटलं की लोकांना सगळं मोटारींवर चाललेलं दिसतं. खरं तर त्या सैन्याचा मोठा भाग पायी चालत होता आणि त्यांचा शिधा मागून घोडे ओढत होते. लाखो घोडे होते आणि त्यातले बरेचसे घरी परत गेले नाहीत.

घरी पाहुणे आले की श्रीनिवासराव, म्हणजे सुप्रभाताईंचे यजमान, त्यांना कपाटाजवळ नेऊन सांगतात, "आमच्या हिचं घोडदळ आहे, पण ते लढत नाही. नुसतं सामान वाहतं." पाहुणे हसतात. सुप्रभाताई हसत नाहीत. त्यात हसण्यासारखं काय आहे हे त्यांना आजवर कळलेलं नाही.

हे खूळ मिरजेचं आहे. दिवाळीत भाऊ किल्ला करायचे आणि सुप्रभाताईंनी माती आणून द्यायची, असा घरचा कायदा होता. किल्ल्यावर महाराज दरवाजापेक्षा उंच, शेजारी प्लॅस्टिकचा वाघ, पायथ्याशी हळिवाचं शेत. सगळं होतं, पण पागा नव्हती आणि दाणावैरणीची सोय नव्हती. मावळे काय खातात, असं या पोरीने विचारलं तेव्हा भावांनी तिला चिखलात ढकललं. तिने उठून काड्यापेटीच्या गाड्या केल्या, मटकी भरली आणि किल्ल्याच्या वाटेवर ओळीने लावून टाकल्या. भावांनी काढल्या की ती पुन्हा लावायची. लक्ष्मीपूजनापर्यंत भाऊ दमले आणि गाड्या राहिल्या.

पुढे मिरजेलाच नर्सिंग झालं, लग्न झालं आणि नोकरी इंग्लंडच्या एका हॉस्पिटलात लागली. चढत चढत त्या वॉर्डच्या सिस्टर, म्हणजे तिथल्या मुख्य नर्स झाल्या. डॉक्टर त्यांना वचकून असत आणि पेशंटांना त्या हव्याशा वाटत. निवृत्तीच्या आदल्या वर्षी कोव्हिड आला.

त्यांच्या वॉर्डात तनू नावाची नर्स होती. सांगलीची, म्हणजे जवळजवळ घरचीच. त्या हिवाळ्यात खाटा वाढत गेल्या आणि माणसं कमी होत गेली. तनू म्हणायची, "ताई, आता खरंच नाही हो होत. पाय उचलत नाहीत." सुप्रभाताई वर जाऊन भांडल्या. लिहून दिलं, तोंडावर सांगितलं, की या मुली पडतील. वरून उत्तर आलं, सगळेच मॅनेज करताहेत. एका सकाळी तनू कॉरिडॉरमध्ये पडली ती उठली नाही. मग तिचा फोटो भिंतीवर लागला, खाली 'आमची हीरो' असं लिहिलं गेलं आणि साहेब लोकांनी टाळ्या वाजवल्या. ओझं जास्त झालं होतं, हे वाक्य त्या दिवशी कुणाच्याही तोंडून निघालं नाही. पुढे सुप्रभाताईंनी ते मीटिंगमध्ये उच्चारलं, तेव्हा विषय बदलण्यात आला. हा राग त्यांनी आजही गिळलेला नाही, आणि गिळायचा त्यांचा विचारही नाही.

तर क्लबच्या यंदाच्या प्रदर्शनासाठी त्यांनी लोखंडी गाडी करायला घेतली. ही जर्मनांची पोलादी पत्र्याची गाडी. रिकामीसुद्धा इतकी जड, की खुद्द त्यांचे सैनिक तिला घोडेमार म्हणत असं सांगतात. गाडीला दोन घोडे. एक उभा, मान खाली घातलेला. दुसरा चिखलात कोसळलेला. दुकानातल्या एका तयार उभ्या घोड्याचे पाय कापून, वाकवून, पुट्टीने सांधून त्यांनी हा पडलेला घोडा घडवला. चिखल म्हणजे चहाचा चोथा, ओव्हनमध्ये वाळवून डिंकात कालवलेला. घोड्याजवळ बोटभर उंचीचा गाडीवान गुडघे टेकून बसलाय आणि घोड्याच्या गळ्यातला पट्टा सोडवतोय. घोडा मेलाय हे गाडीवानाला कळलंय, पण हात थांबत नाहीत. काम पुरं झालं त्या दिवशी श्रीनिवासराव टेबलापाशी बराच वेळ उभे राहिले आणि न हसता आत गेले.

प्रदर्शनाच्या सकाळी हॉलमध्ये मांडामांड चालली होती. रॉजर आला, वाकून बघितलं, घोडेमार गाडी ओळखली आणि कानाची पाळी चोळायला लागला.

"सुप्रभा, इट्स ब्रिलियंट. रिअली. पण आज फॅमिलीज येणार. डेड हॉर्स इज अ बिट मच, नाही का?"

"तुझा टँक कुठून चाललाय, रॉजर?"

रॉजरचा टँक हॉलच्या मधोमध होता. पडक्या गावातून चाललेला, छपरं उडालेली, भिंतींना भोकं पडलेली. काम अप्रतिम होतं.

"एका गावातून," रॉजर म्हणाला.

"त्या घरांतली माणसं कुठे गेली?"

"इट्स जस्ट अ डायोरामा, सुप्रभा. नुसता देखावा."

"मग हाही डायोरामाच आहे."

रॉजर वाईट माणूस नाही. त्याला फक्त दिवस गोडीगुलाबीने पार पाडायचा होता. सुप्रभाताई हात धुवायला गेल्या तेवढ्यात त्याने पँट्रीतला भांडी पुसायचा एक टी-टॉवेल आणला आणि पडलेल्या घोड्यावर अलगद घातला. टॉवेलवर समुद्रकिनाऱ्याचं चित्र होतं, वर एक लाल दीपगृह.

सुप्रभाताई परत आल्या आणि बघतच राहिल्या. सामान उचलायला सोबत आलेले श्रीनिवासराव हळूच म्हणाले, "जाऊ दे ना. एका दिवसाचा तर प्रश्न."

"अहो, ती पिशवी आणा."

पिशवीत मॉडेल गुंडाळून आणलेलं जुनं सुती पातळ होतं. सुप्रभाताईंनी टी-टॉवेल उचलला. मग पातळाचा काठ दातात धरला आणि टर्रकन फाडलं. एक तुकडा रॉजरच्या टँकवर घातला. दुसरा शेजारच्यावर. टेबलामागून टेबल त्या झाकत गेल्या. क्लबातले लोक हातात ब्रश धरून तसेच उभे. शेवटचा टँक झाकून त्या रॉजरकडे वळल्या.

"ज्यांनी मारलं ते उघडे आणि जो मेला तो झाकलेला, हे माझ्यासमोर चालणार नाही. झाकायचं तर सगळं झाका."

"तुला कॉम्पिटिशनमधून काढावं लागेल मला," रॉजर म्हणाला. त्याचा चेहरा लाल झाला होता.

"काढ. बक्षिसासाठी केलाच नव्हता."

"कमिटीसमोरही जाईल हे."

"जाऊ दे. मी येईन कमिटीसमोर. पण तोवर या घोड्याला कुणी हात लावायचा नाही."

लोकांनी एकेक करून आपापल्या टँकवरची फडकी काढली. सुप्रभाताईंनी त्यांना अडवलं नाही. टी-टॉवेलची मात्र त्यांनी चौपदरी घडी केली, खुर्चीवर टाकली आणि त्यावर बसल्या. आता कुणाला हवा असेल तर त्याने त्यांना उठवावं लागणार होतं.

दारं उघडली. 'स्पर्धेबाहेर' अशी चिठ्ठी टेबलावर लागली आणि तीच वाचून लोक आधी तिकडे यायला लागले. कुणी विचारायचं, मेलाय का तो? सुप्रभाताई म्हणायच्या, हो. त्यापुढे काही नाही. एक बाई पोराला घेऊन लगबगीने निघून गेली. तेव्हा रॉजरने लांबूनच, बघ, अशा अर्थाने मान हलवली. सुप्रभाताईंनी बघितलं. त्या जागच्या हलल्या नाहीत.

दुपारी रॉजरला गावातल्या चार मान्यवरांना हॉलभर फिरवून प्रदर्शन दाखवावं लागलं. घोडेमार गाडीपुढून तो त्यांना भरभर पुढे नेत होता, पण त्यातला एक म्हातारा थांबला. काठीवर भार देऊन वाकला. गाडीवानाचे हात, पट्टा, घोड्याची मान, सगळं नीट पाहिलं आणि रॉजरलाच विचारलं, "काय झालं याला? गोळी लागली?"

रॉजरने सुप्रभाताईंकडे पाहिलं. त्यांनी उत्तर द्यावं अशी त्याची अपेक्षा होती. त्या त्याच्याकडे बघत बसून राहिल्या, आणि हॉलमधल्या त्या गोंगाटात रॉजरला बोलावंच लागलं.

"नाही," तो म्हणाला. "गोळी नाही. ओझं जास्त झालं होतं."

"आणि सांगूनही कुणी कमी केलं नाही," सुप्रभाताई म्हणाल्या. "तेही सांग त्यांना."