ताईची काळी दांडी

गल्लीत त्याला सगळे दांडीमामा म्हणत, पण या माणसाने जन्मात कधी कामाला दांडी मारली नव्हती. पूर्वी तो मासे धरायच्या गळाच्या काठ्या दुरुस्त करायचा. पुढे मेटल डिटेक्टरसाठी कार्बन फायबरच्या दांड्या बनवू लागला, ज्याच्या त्याच्या हाताला बेतून. स्वयंपाकघरामागच्या खोलीत तो लोखंडी गजाला मेण चोळी, त्यावर रेझिनच्या चिकट रसात भिजवलेले कार्बनचे काळे कापड गुंडाळी, वरून पट्टी करकचून आवळी आणि गरम पेटीत ठेवून देई. निवल्यावर गज ओढून काढला की हाती उरे एक पोकळ, काळीभोर, पिसासारखी हलकी नळी.

या वेळची दांडी थोरल्या बहिणीसाठी होती. नोकरी संपल्यापासून ताई रोज डिटेक्टर घेऊन वाळूत हरवलेल्या वस्तू शोधत समुद्रकिनारा पालथा घालायची. पण हल्ली तिचा खांदा धरला होता, जुनी जड दांडी पेलवत नव्हती.

"मशीन विकून टाक," ती म्हणाली होती. "मी आपली खिडकीत बसून येणारे-जाणारे बघेन."

खिडकीत बसली की ताई संपली, हे मामाला पक्के ठाऊक होते. त्याने माप घ्यायची टेप काढली.

"हात सैल सोड गं. फोटोला उभी राहिल्यासारखी ताठ नको."

"शिंप्यानेसुद्धा माझा इतका छळ केला नाही कधी!"

"शिंप्याचं चुकलं तर उसवता येतं, ताई."

नवी दांडी हातात घेताच ताईचा चेहरा फुलला. "अगंबाई, आहे की नाही तेच कळत नाही!"

किनाऱ्यावर तिने पहिला झोका दिला आणि मशीन ओरडले. मामाने खणले. काहीच नाही. दोन पावलांवर पुन्हा ओरडले. पुन्हा खणले. मामाच्या बुटांत वाळू, कपाळावर घाम.

"सगळ्या किनाऱ्याखाली तिजोरी पुरलीय की काय?" म्हणत ताईने मशीन सरळ आभाळाकडे धरून हलवले. टुंईं!

"घे, आता ढगात खण!"

मामाने कपाळावर हात मारला. कार्बनमधूनही वीज वाहते, म्हणून मशीन त्याला धातूच समजते. यासाठी धातू हुडकणाऱ्या खालच्या चकतीजवळ तो नेहमी वीज न वाहणाऱ्या फायबरग्लासचा तुकडा जोडायचा. पण ताईच्या खांद्यावर गुंजभरही जास्त भार नको, म्हणून या वेळी त्याने कार्बनच थेट खालपर्यंत नेला होता. दांडी स्वतःच्याच नावाने बोंब मारत होती.

"काखेत कळसा अन् गावाला वळसा!" ताई वाळूत बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "घे आता उसवायला!"

मामाने घरी येऊन दांडीचे टोक कापले, फायबरग्लासचा तुकडा चिकटवला. दुसऱ्या दिवशी ताईने झोका दिला तेव्हा मशीन गप्प. आणखी एक झोका. गप्प. इतकी गोड शांतता मामाने आयुष्यात ऐकली नव्हती. बऱ्याच वेळाने एकदाच, स्वच्छ टुंईं झाले. वाळूतून निघाला एक वाकडा चमचा.

"खांदा कसा आहे?" मामाने भीतभीत विचारले.

"कुठला खांदा?" ताई पुढे निघालीसुद्धा होती. "मशीन विकायचं म्हणालास तर याच चमच्याने मारीन!"

"अगं, मी कुठे... तूच म्हणाली होतीस!" मामा हसत तिच्यामागे धावला.