दोन घड्याळांचा ड्रायव्हर

"सरका थोडं, अजून एक बसते."

गाडीचं दार धरून तो असं म्हणायचा की आत बसलेल्यांना आपलं अंग आपलं राहिलं नाही असं वाटायचं. मांडीवर पिशवी, पिशवीवर दुसऱ्याचं पोरगं, पोराच्या डोक्यावर कोणाचं तरी कोपर. तरी एक बसायचाच. मी म्हणायचो, "अबे, माणसं भरून राह्यला का धानाचं तणीस?" तो म्हणायचा, "भाऊ, तणीस बरं. बोलत तरी नाई."

आमच्या गावापासून ब्रह्मपुरीपर्यंत काळीपिवळी चालवायचा तो. मधला सगळा रस्ता जंगलाचा. बस येते तेव्हा येते, तिचा भरवसा कोणी धरत नाही. सकाळची पहिली गाडी याची. बाळंतीण याच्याच गाडीत, साप चावलेला याच्याच गाडीत, कोर्टाची तारीख असलेलाही याच्याच गाडीत. दोन्ही बाजूचे पक्षकार एकाच सीटवर बसून भांडत जायचे आणि हा आरशात पाहून म्हणायचा, "निकाल इथीच लावून टाका, वापस फिरवतो गाडी."

गाडी जुनी. पण गाडीला वाईट म्हटलेलं त्याला चालायचं नाही. सायलेन्सर तुटून पडला, तर म्हणे वजन कमी झालं. मागचं दार दोरीनं बांधलेलं, तर म्हणे हवा लागते. एकदा पुढचा दिवा रस्त्यात गळून पडला. कोणीतरी हसलं. हा खाली उतरला, दिवा उचलून सीटखाली ठेवला आणि म्हणाला, "माह्या गाडीले काई झालं नाई. तुमाले घाई असंन तर पायी जा." असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. स्वतः शिव्या खाईल, गाडीला खाऊ देणार नाही.

माझ्या बायकोची किडनी गेली तेव्हा मी तिला याच्याच गाडीतून दवाखान्यात नेत होतो. ती बसू शकत नव्हती. मधली सीट तो तिच्यासाठी सोडायचा. ती आडवी, डोकं माझ्या मांडीवर. रस्त्यावर हात दाखवून उभा असलेला माणूस आत वाकून पाहायचा, "जागा तं दिसते ना." हा म्हणायचा, "गाडी भरली." माझी बायको झोपल्या झोपल्या म्हणायची, "भाऊ, बसू द्या ना त्याले." तो म्हणायचा, "बाई, तुम्ही पडून राहा."

भाताच्या रोवणीच्या दिवसांत ती गेली. दवाखान्यातून तिला आणलं तेही त्यानंच. त्या दिवशी त्यानं एकही सवारी घेतली नाही आणि अख्ख्या रस्त्यात एकदाही हॉर्न वाजवला नाही. आमच्या वळणांच्या रस्त्यावर हॉर्न न वाजवता गाडी आणणं सोपं नाही. मला तेव्हा काही सुचत नव्हतं, पण हे लक्षात राहिलं.

त्यानंतर मला ब्रह्मपुरीत काही काम उरलं नाही. तरी मी जातो. बसस्टँडवर चहा पितो, दवाखान्याच्या फाटकासमोर थोडा उभा राहतो, परत येतो. घरात बसलो तर भिंती खायला उठतात. त्यानं कधी विचारलं नाही की काऊन जाता. नुसतं म्हणायचा, "भाऊ पुढं," आणि पुढची सीट झटकून द्यायचा. म्हणून पुढचं सगळं मी जवळून पाहिलं.

थंडीत एकदा ब्रह्मपुरीच्या चौकात त्याला भोवळ आली. पायरीवर बसला, पाणी प्यायला, गाडी घेऊन आला. पण गोष्ट नागपूरपर्यंत गेली. त्याची पोरगी तिथे नर्स आहे. ती धावत आली आणि बापाच्या डाव्या हाताला एक घड्याळ बांधून गेली. काळी काच, हात उचलला की उजेड व्हायचा. इतकं महाग की किंमत ऐकून गाडीतल्या बायांनी पदर तोंडाला लावले. काही दिवस त्यानं ते सगळ्यांना दाखवलं. "झोपेतही जागं राह्यते म्हणते हे. माह्यी बायको तरी झोपत होती."

मग ते घड्याळ बोलायला लागलं.

बोलायचं म्हणजे थरथरायचं. मनगटावर गांधीलमाशी बसल्यासारखं. गाडीत शाळेचे गुरुजी असायचे, ते मागून वाकून काचेवरचं इंग्रजी वाचायचे. "ठोके नियमात नाहीत म्हणते. डॉक्टरला दाखवा म्हणते." पहिल्या वेळी सगळे हसले. हाही हसला. पुढच्या वेळी गुरुजींनी वाचलं आणि कोणी हसलं नाही. त्यानं बाही खाली ओढून घेतली.

पोरगी रोज फोन करायची. नागपूरला या, दवाखान्यात भरती व्हा, तपासणी करू. हा म्हणायचा लग्नसराई आहे, सराई झाली की येतो. सराई आमच्याकडे कधी संपते का?

महाशिवरात्रीला तो मार्कंड्याच्या जत्रेला सवाऱ्या घेऊन गेला. येताना उजव्या हाताला दुसरं घड्याळ. रबराची पट्टी, बोटभर काच. जत्रेत बांगड्या-फुग्यांच्या शेजारी मांडलेलं. ते थरथरत नव्हतं. त्याला विचारलं की ठोक्यांचा आकडा दाखवायचं, आणि आकडा चांगलाच असायचा. बहात्तर. चढावर बहात्तर, उतारावर बहात्तर, एकदा रानडुक्कर आडवं आलं आणि माझी छाती धडधडली, तेव्हाही त्याच्या हातावर बहात्तर.

"पाह्यलं का भाऊ? फस क्लास."

"आन डावं काय म्हणते?"

"डाव्याले सवयच आहे."

स्टेअरिंगवर दोन हात, एकाच माणसाचे, आणि दोघांचं एकमेकांशी पटत नव्हतं. पुढच्या सीटवरून मला दोन्ही काचा दिसायच्या. तुम्ही तिथे बसला असता तर तुम्हीही रस्ता पाहिला नसता, हातच पाहिले असते.

गाडीत दोन पक्ष पडले. गुरुजी महागाच्या बाजूनं. "ज्याच्यात माल चांगला, ते खरं सांगते. जत्रेतल्या वस्तूचा काय भरवसा?" भाजीवाली बाई स्वस्ताच्या बाजूनं. ती मागं टोपल्यांत बसायची आणि तिचा आवाज गाडीच्याही पुढं जायचा. ती म्हणाली, "गुरुजी, ते महाग घड्याळ महाग माणसाच्या अंगाच्या हिशोबानं बनवलं. त्याइले शिंक आली का दवाखाना. आपल्या अंगाले तेवढं चालते. हे स्वस्तवालं आपल्यासाठी बनलं, म्हणून याले आपलं अंग समजते."

हे सगळ्यांना पटलं. खरं सांगतो, थोडं मलाही पटलं. मतदान घेतलं. हात वर करायला जागा नव्हती म्हणून तोंडानंच. महागाला गुरुजी आणि मी. बाकी अख्खी गाडी स्वस्ताला.

"लोकशाही आहे, गुरुजी," ड्रायव्हर म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून डावं मनगट मोकळं. महाग घड्याळ स्टेअरिंगखालच्या खणात, बिड्यांच्या बंडलाशेजारी.

मला गोल गोल बोलता येत नाही. बायको म्हणायची, तुमची जीभ म्हणजे कुऱ्हाड. एका सकाळी नाल्याजवळ टायर पंक्चर झालं. स्टेपनी लावेपर्यंत सगळे खाली उभे होते. भाजीवालीचं टोपलं रस्त्याकडेला, त्यात मोठं डांगर, लाल भोपळा. मी म्हणालो, "काढ ते हातातलं. त्या डांगराले बांध."

"काऊन?"

"बांध म्हणतो ना."

पट्टी पुरेना. गुरुजींनी काच डांगरावर दाबून धरली. आम्ही सगळे वाकून उभे. थोडा वेळ काचेवर रेघा फिरल्या. मग आकडा आला. अठ्ठ्याहत्तर.

आधी कोणाला कळलंच नाही. मग भाजीवाली म्हणाली, "बाई बाई. जितं डांगर इकू कसं आता?" आणि जे हसू फुटलं. एक म्हातारी तर रस्त्यावर बसली. सगळ्यात जास्त हा हसला. हसत हसत त्यानं घड्याळ घेतलं, शर्टाला पुसलं आणि परत उजव्या हाताला बांधलं.

मी त्याच्याकडे पाहत राहिलो. गाडी निघाली. झाडीत कुठेतरी माकडं ओरडत होती, एकसारखी, काहीतरी दिसल्यावर ओरडतात तशी.

ब्रह्मपुरीला सगळे उतरल्यावर मी बसून राहिलो. "आता तरी काढ."

तो समोरच्या काचेतून पाहत होता. "भाऊ, ते डाव्या हातचं बांधलं का मले दिवसभर मरणच दिसते. वळण दिसत नाई, मरण दिसते. हे बांधलं का गाडी चालवता येते."

"डांगरालेही चालवता येईन मंग."

"येईन," तो म्हणाला.

"तू मरशील. आन आमाले घेऊन मरशील."

त्यानं वळून माझ्याकडे पाहिलं. त्याच्या तोंडावर राग नव्हता. "तुमाले नाई नेणार."

"आन बाकीच्याइले?"

"कोणालेच नाई."

त्या दिवशी मी दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेलो नाही. चहाच्या टपरीवरून त्याच्या पोरीला फोन लावला. नंबर तिनं मला आधीच देऊन ठेवला होता. ती म्हणाली, "आबाजी, तुम्ही पुढं बसता ना, जरा पाहा त्याइच्याकडं." मी म्हणालो, "पाहूनच राह्यलो. पाहून काय होते? मी बायकोलेही पाह्यतच होतो. तू ये आन बापाले घेऊन जा." ती रडली. सुट्टी मिळाली की रविवारी येते म्हणाली. त्यालाही सांगितलं. तो तयार झाला. खरंच तयार झाला. "जातो भाऊ. रविवारी जातो. पाहू दे तिले काय पाह्यचं ते."

रविवारपर्यंतचे दिवस मी रोज गाडीत बसलो. काम नव्हतं, पण बसलो. त्याचा हात गिअरवरून घसरायचा. तो डावा खांदा चोळायचा आणि मी पाहतो आहे असं दिसलं की आरसा नीट करायचा. एकदा गाडी हळूहळू रस्त्याच्या कडेला सरकली, सागाची पानं खिडकीला घासली. मागचे म्हणाले, "झोपला का बे?" तो म्हणाला, "रोडच तिकडं वळला."

मोहफुलांचे दिवस होते. पहाटेच बाया टोपल्या घेऊन झाडांखाली वाकलेल्या असायच्या. त्याच आठवड्यात नाल्याकडे वाघ दिसला होता, म्हणून त्याही घोळक्यानं, एकमेकींना हाका देत.

रविवारच्या आधीची सकाळ. गाडी नेहमीसारखी गच्च. नाल्याच्या उताराच्या वर त्यानं गाडी थांबवली. खाली अरुंद पूल, कठडे नाहीत. इंजिन चालूच.

"उतरा सगळे."

"काऊन?"

"ब्रेक बरोबर लागून नाई राह्यले. तुम्ही पायी उतरा. मी पुलाच्या अलीकडं थांबतो."

कोणी हललं नाही. भाजीवाली म्हणाली, "वाघाच्या तोंडी उतरवून देतं का आमाले? पोट भरलं नसंन त्याचं अजून."

"सगळे संगं चाला. बोलत चाला." आवाज बारीक होता. "उतरा ना, बाई."

बाई उतरली. टोपली, पोरं, गुरुजी, सगळे उतरले. मी म्हणालो, "माह्ये गुडघे दुखतात, मी बसतो."

"भाऊ, उतरा."

माझ्याकडे न पाहता म्हणाला. कपाळ ओलं होतं. मी उतरलो. त्यानं पहिला गिअर टाकला आणि रिकामी गाडी हळूच खाली गेली, अंडी भरून नेल्यासारखी. वळणामागं दिसेनाशी झाली.

आम्ही चालायला लागलो. बाया मोठ्यानं बोलत होत्या, वाघासाठी. अर्ध्या उतारावर माझे पाय आपोआप जोरात पडायला लागले. ब्रेक लागत नाही असं म्हणाला होता तो. जन्मात ज्यानं गाडीला दोष लागू दिला नाही, त्यानं दहा माणसांसमोर गाडीला दोष दिला होता. गुरुजी मागून ओरडले, "आबाजी, पडाल." मी थांबलो नाही.

गाडी पुलाच्या अलीकडं, रस्ता सोडून, झाडाखाली उभी होती. हातब्रेक ओढलेला. चावी बंद. चाकं दरडीकडे वळवलेली. तो सीटवर होता, डोकं खिडकीला टेकलेलं. मी पुढच्या सीटवर चढलो आणि त्याचा हात धरला. मला त्यातलं कळतं. घरी बायकोची नाडी पाहत मी ते शिकलो आहे.

दोन्ही मनगटं मोकळी होती. काळ्या कातडीवर दोन गोऱ्या पट्ट्या. दोन्ही घड्याळं खणात होती, एकमेकांवर. वरच गाडी बंद करून थांबला असता तरी चाललं असतं. पण मग लोकांनी घेराव घातला असता, वारा घातला असता, छातीला हात लावलेला पाहिला असता. ते त्याला नको होतं. मागून गाडी येईपर्यंत मी तिथेच बसून राहिलो. एकदाही मनात आलं नाही की उतरावं.

ब्रेक मेकॅनिकनं पाहिले. चांगले होते.

पोरगी रविवारीच आली. जायचं म्हणून ठरलं होतं तोच दिवस. तिनं मला एकच विचारलं, "आबाजी, शेवटी हातात कोणतं होतं?"

"कोणतंच नाई," मी म्हणालो. महाग घड्याळ तिनं नेलं. जत्रेतलं तिथेच ठेवलं, हात लावला नाही.

तशी घड्याळं आता ब्रह्मपुरीच्या बाजारातही मिळतात. गाडीत कितीतरी हातांवर दिसतात. भाजीवालीनंही घेतलं. मी म्हणालो, "तू स्वतः पाह्यलं ना डांगर?" ती म्हणाली, "पाह्यलं. पण सकाळी उठून कोणी तरी चांगलं बोलावं वाटते, भाऊ."

या रस्त्यावर आता एक नवा पोरगा गाडी चालवतो. नवी गाडी, दारं बंद होतात, मोजून माणसं घेतो. पहिल्या दिवशी नाल्याच्या उतारावर पोहोचलो, तेव्हा भाजीवाली म्हणाली, "थांबव." ती उतरली. मग गुरुजी. मग मी. मग सगळेच.

"काऊन उतरून राह्यले?" तो म्हणाला. "ब्रेक चांगले आहेत ना माह्ये."

तो रिकामी गाडी घेऊन खाली गेला. आम्ही मागून चालत गेलो, मोठ्यानं बोलत. आता रोजच उतरतो. पावसातही. त्याला वाटतं आम्ही वेडे आहोत. गाडी वळणामागं गेली की क्षणभर बोलणं थांबतं, सगळ्यांचं एकदम, आणि खाली तिचं इंजिन बंद होण्याचा आवाज येईपर्यंत कोणी पुढचं पाऊल टाकत नाही.