कोऱ्या नमुन्यातला पारा

परळच्या एका जुन्या इमारतीत आमची प्रयोगशाळा होती. कोळसा जाळल्यावर धुरातून आणि राखेतून पारा, शिसं, आर्सेनिक किती बाहेर पडतं, ते आम्ही मोजायचो. अर्जांवर अर्ज करून आमच्या प्रमुख मॅडमनी या कामाला सरकारी निधी मिळवला होता. पुढचा हप्ता द्यायचा की नाही, हे ठरवायला सोमवारी समिती येणार होती.

त्याआधीच्या गुरुवारी मी मशीनवर कोरा नमुना लावला. कोरा म्हणजे त्यात राख नाही, नुसतं शुद्ध पाणी आणि आम्ल. त्यात पारा दिसायला नको. काही आठवडे तो थोडा थोडा दिसत होता आणि आम्ही बाटल्यांना दोष देत होतो. त्या दिवशी आकडा एकदम वर गेला. बाटल्या बदलल्या, आम्ल बदललं, तरी उतरेना. आकडे खोटे ठरले तर निधी बंद, आणि माझी नोकरी त्या निधीवरच होती.

शेजारच्या टेबलावर माझी मैत्रीण बसायची. गिरगावातल्या ख्रिस्ती घरातली. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी तिला दिवस गेले होते. ती आकड्याकडे बघत म्हणाली, "बाटलीत नाही, तर मग हवेत असेल."

हवेतला पारा मोजायचं छोटं यंत्र घेऊन मी खोलीभर फिरले. दारापाशी कमी, खिडकीपाशी कमी. तिच्या खुर्चीजवळ आकडा चढतच गेला. जमिनीवर अंथरलेलं लिनोलियम उचललं, टॉर्च मारला. लाकडी फळ्यांच्या फटींत चंदेरी थेंब भरले होते, खसखशीएवढे. फार पूर्वी कुणाचं तरी काचेचं उपकरण तिथे फुटलं असणार. दिवाळीनंतर आम्ही निधीतून घेतलेली नवी भट्टी त्याच कोपऱ्यात ठेवली होती. तिच्या उबेने पारा उडायला लागला होता.

मैत्रीण उठून भिंतीला टेकली. हात पोटावर. पारा पोटातल्या बाळाच्या मेंदूला बाधतो, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

"मी रोज इथेच बसते गं," ती म्हणाली.

मी तिला धरून खाली आणलं, टॅक्सी केली आणि दोघी तिच्या डॉक्टरकडे गेलो. लघवीचे नमुने दिले, तिचाही आणि माझाही.

लालबागला घरी आले तेव्हा चपला दाराबाहेर ठेवल्या, कपडे वेगळे भिजवले. आई जवळ आली की मी उठून दुसरीकडे जायचे.

"अशी गप कित्याक बसलंस?" तिने विचारलं.

"दमलेय," म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी दारातूनच त्या फटी बघितल्या. सोमवार होऊन जाऊ दे, असं त्या म्हणतील, याची मला धास्ती होती.

"कुलूप लाव," त्या म्हणाल्या. "समितीला मी आजच फोन करते."

सोमवारी समितीचे लोक मास्क लावून दारातच उभे राहिले. एकाने विचारलं, "चिमणीतला पारा मोजायला पैसे घेतलेत, आणि हा?"

"हा आमच्याच जमिनीतला आहे, सर," मॅडम म्हणाल्या. "भट्टी आणल्यापासूनचे सगळे आकडे आम्ही मागे घेतोय."

खोली साफ होईपर्यंत निधी थांबला. माझा पगारही थांबला. काही महिने मी दादरला एका क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवलं. पुढे फळ्या काढून नवी जमीन केली आणि काम पुन्हा सुरू झालं, पण आधीपेक्षा कमी पैशांत.

लघवीचे रिपोर्ट समितीच्याच आठवड्यात आले होते; माझं पाऱ्याचं प्रमाण ठीक होतं. तिचं थोडं जास्त निघालं. "पुन्हा तिथे बसू नका, आणि परत तपासू," एवढंच डॉक्टर म्हणाले. पुढच्या तपासणीत ते उतरलं, तरी बाळंतपण होईपर्यंत तिचा फोन वाजला की मी हातातलं काम टाकून धावायचे.

मुलगी झाली. डॉक्टर म्हणतात, उत्तम आहे. तरी तिची आई तिचं रांगणं, वळून बघणं, सगळं तपासत आलीय. परवा मैत्रिणीचा फोन आला. "आज दोन शब्द जोडून बोलली," ती म्हणाली, आणि मग हळूच विचारलं, "वेळेवर बोलतेय ना गं?"

"वेळेवर बोलतेय," मी म्हटलं. फोन ठेवल्यावर मीही ते बाळांच्या वाढीवरच्या पुस्तकात शोधून पाहिलं.