बेगमपेठ स्टेशनात हरवलेला मुराळी

भावाला मुलगी झाली आणि मी आत्या झाले. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, तेव्हा बारशाला हैदराबादला जाणं आलंच. पण आम्ही राणीसावरगावच्या लेकी, मानाशिवाय पाऊल उचलत नाही. भावाला, दत्ताला, बजावलं, "मुराळी म्हणून तूच स्टेशनवर ये. दुसऱ्या कुणासंगं मी येनार न्हाई."

गंगाखेडहून आम्ही नवरा-बायकोनं रात्रीची गाडी धरली. जाणार असाल तर धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घ्या, गाडीतला चहा नुसताच गरम असतो. सकाळी लिंगमपल्लीला उतरून लोकलनं बेगमपेठ गाठलं. तिकीट अगदी किरकोळ.

बेगमपेठ म्हणजे नाव एक आणि स्टेशनं दोन, लोकलचं वेगळं, मेट्रोचं वेगळं. हे मला ठाऊक नव्हतं. आमच्या गंगाखेडला फलाटावर उभं राहून हाक मारली की माणूस सापडतो.

"अक्का, मी जिन्यापाशीच हाय," दत्ता फोनवर म्हणाला.

"मी बी जिन्यापाशीच हाय की. मंग दिसंना कसा?"

मी त्याला शोधत मेट्रोकडे गेले, तो मला शोधत लोकलकडे आला. पुन्हा फोन, पुन्हा अदलाबदल. आमचे हे बॅगेवर बसून म्हणाले, "दोघांतल्या एकानं गप उभं ऱ्हावं." नवऱ्याचं ऐकायची सवय नसल्यानं मी परत जिना चढले आणि लोकलचं तिकीट मेट्रोच्या दाराला लावत बसले.

"अम्मा, ये लोकल का टिकट है," तिथला शिपाई म्हणाला.

"टेशन तो एकच है ना?" मी माझी सगळी दखनी पणाला लावली.

शेवटी दत्ता सापडला, तेव्हा त्याचा नवा सदरा घामानं भिजला होता.

घरी पोचलो तर पाळणा हलत होता. मुहूर्त टळेल म्हणून शेजारच्या तेलुगू बाईंनी आत्या होऊन नाव सांगून टाकलं होतं. मला रडूच आलं. भावजय म्हणाली, "वन्सं, लय वाट बघितली वो. तुमी बी सांगा की, दोनदा सांगितलं म्हणून काय बिघडतंय?" मी वाकून सांगितलं. बाळ दचकून जागं झालं आणि मला बघून भोकाड पसरलं.

परत आल्यावर आठवडाभर मी माझ्या हुकलेल्या मानाचं रडगाणं सगळ्या गल्लीला ऐकवलं. मग एक दिवस भाकरी थापताना डोक्यात उजेड पडला. लेकीचं नाव ठेवलं तेव्हा बापही तिथं नव्हता. तो जिन्यावर मला शोधत होता, आणि त्यानं ते एकदाही बोलून दाखवलं नाही. लाज वाटली.

काल त्याचा फोन आला. "अक्का, जावळाला कोन्त्या गाडीनं यायलीस ते सांग, घ्यायला येतो."

"नको," मी म्हटलं. "तू लेकीपाशी थांब. मी रिक्षा करते."