अर्धी टिक

नऊ मे, गुरुवार, दुपारचे सव्वादोन. हजर: मी, सासूबाई, मुलगी. गैरहजर: नवरा. तो टॉवेलच्या कारखान्यात होता, कारण आठवड्यातून त्याला मिळणाऱ्या कामाच्या तीन दिवसांपैकी तो एक होता. सासूबाईंच्या नावापुढे हजर लिहिताना मी थांबले होते. त्यांचे डोळे उघडे होते, पण त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

आधी तारीख, मग हजेरी, मग बाकीचं. शाळेच्या ऑफिसात इतकी वर्षं काढल्यावर हात आपोआप तसाच चालतो. घरीही माझ्या याद्या असतात. पाणी येण्याचे दिवस, गॅस लावल्याची तारीख, किराणा, औषधं. नातेवाईक चेष्टा करतात. करू देत.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या मंगळवेढ्याकडच्या. सासरे गेल्यावर आमच्याकडे सोलापुरात राहायला आल्या. त्या दिवशी आम्ही तिघी जेवून उठलो होतो. आत्या पाण्याचा तांब्या उचलायला गेल्या आणि तो हातातून सुटला. फरशीवर पाणीच पाणी. नळाला पाणी येऊन तीन दिवस झाले होते, पुढचं पाणी दुसऱ्या दिवशी. मी ओरडले, "आत्या, पाणी!"

आधी पाण्याकडे बघितलं आणि मग त्यांच्याकडे. हा क्रम मला खोडता येत नाही.

त्यांच्या तोंडाची डावी बाजू खाली आली होती. काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होत्या, पण नुसता "हा… हा…" एवढाच आवाज येत होता. डावा हात मांडीवर पडला होता, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

शेजारच्या काकू धावत आल्या. "ऊन लागलंय हो. कांद्याचा रस चोळा तळपायाला, साखरपाणी द्या, उतरंल." मे महिन्यात सोलापुरात कशालाही ऊनच कारण असतं. मी कांदा घ्यायला वळलेही. कांदा घरात होता आणि ऊन लागण्याला दवाखाना लागत नाही, म्हणून मला काकूंचं पटत होतं.

"मम्मी, कांदा ठेव. रिक्षा," मुलगी म्हणाली. ती बारावी झालेली, एरवी चार हाका मारल्याशिवाय उठत नाही. त्या दिवशी मी आत्यांना धरून दारापर्यंत आणेस्तोवर ती पायात चप्पल न घालता कोपऱ्यावरून रिक्षा घेऊन आली होती. निघताना मी भिंतीवरचा गोळ्यांचा तक्ता खिळ्यावरून काढून पिशवीत टाकला. घाबरलेल्या माणसाला काहीतरी नीट करायचं असतं. मला तेवढंच सुचलं.

त्या तक्त्याबद्दल सांगायला हवं, आणि त्यासाठी फेब्रुवारीत जायला हवं.

फेब्रुवारीत कारखान्याने मागावरच्या सगळ्या लोकांना आठवड्यातून तीनच दिवस बोलवायला सुरुवात केली. माल उठत नाही म्हणाले. नवऱ्याने घरी येऊन ते सांगितलं आणि आंघोळीला गेला. मी वही काढली. शनिवारी जेवणं झाल्यावर सगळ्यांना बसवलं आणि यादी वाचून दाखवली. कपड्यांची पावडर अर्धी. चहा अर्धा कप. डाळ सकाळीच भिजत घालायची, म्हणजे कुकरच्या शिट्ट्या अर्ध्या. भाजी एकच. गाडी आठवड्यातून निम्मे दिवस, बाकी चालत. दिवे लागल्यावर सगळ्यांनी एकाच खोलीत बसायचं.

"नवरा तर आधीच अर्धा झालाय," नवरा म्हणाला.

"मग बारावीला निम्मे मार्क चालतील का गं मम्मी?" मुलगी.

आत्या भिंतीला टेकून सुपारी कातरत होत्या. त्यांनी अडकित्ता थांबवला. "मला काय सवलत हाय का न्हाय? म्हातारी म्हणून?"

"कुणाला सवलत नाही," मी म्हणाले. "सगळ्यांनी सगळं अर्धं."

सगळे हसले. मीही हसले. मला बरं वाटलं, की इतकी भीती वाटत असताना घर हसतंय.

आणि आम्ही ते खरंच केलं. मला त्यात आनंदही मिळत होता, हे लपवत नाही. साबणाचे तुकडे जुन्या मोज्यात भरून त्याने भांडी घासली. दुधाची पिशवी कापून आतून विसळून घेतली. भाकरी माणशी मोजून केल्या, एकही जास्त नाही. आत्या तर माझ्यापुढे दोन पावलं. आदल्या दिवसाच्या भाकरीची फोडणीची भाकरी इतकी छान करायच्या, की मुलीने पोहे मागणं सोडून दिलं.

बीपीची गोळी त्यांना आधीपासून चालू होती, रोज सकाळी एक. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे मी रेघा मारून तक्ता केला होता आणि पेन्सिल दोरीने बांधली होती. आत्या दुसरीपर्यंत शिकलेल्या. टिक कशी मारायची ते मी दाखवलं होतं: आधी खाली छोटी रेघ, मग वर लांब. गोळी घेतली की त्या स्वतः टिक मारायच्या. एकही चौकोन रिकामा नसायचा. एप्रिलच्या यादीत गोळ्या आणायच्या होत्या, पण डब्यात बघते तर पाकीट शिल्लक. वाटलं, मागच्या वेळी जास्त आणल्या असतील. त्या ओळीवर काट मारली. त्या महिन्यात एक ओळ कमी झाली म्हणून मी खूश होते.

दवाखान्यात डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने बीपी मोजला, पुन्हा मोजला, आणि नर्सला हळू आवाजात काहीतरी सांगितलं. आत्यांना डोक्याच्या स्कॅनला नेलं. मग ती माझ्याकडे वळली.

"बीपीची गोळी चालू आहे?"

"हो. रोज. एक दिवस चुकलेला नाही." मी पिशवीतून तक्ता काढून पुढे केला.

तिने वरून खालपर्यंत बघितला. "असं कुणी ठेवत नाही हो," म्हणाली. तशा अवस्थेतही माझी मान जरा ताठ झाली.

"पण मग अवघड आहे," ती म्हणाली. "रोज गोळी घेऊन बीपी इतका वर जात असेल, तर ही गोळी पुरत नाही. दुप्पट करू. आणि किडनीत काही दोष आहे का तेही बघावं लागेल. तपासण्या लिहून देते."

मी बाकावर बसले. आधी मनात आलं, तपासण्यांना किती लागतील. त्याच्या पाठोपाठ आलं, आत्या यातून उठल्या नाहीत तर. पहिलं आधी आलं याचीच मला जास्त भीती वाटली. मुलगी शेजारी गुडघे जवळ घेऊन बसली होती, पायाचे तळवे काळे झालेले. तेवढ्यात नवरा आला, कारखान्यातून तसाच, केसांत आणि भुवयांवर टॉवेलचा कापूस. त्याच्या आईची चप्पल बाकाखाली होती, ती उचलून हातात धरून उभा राहिला.

मला काहीतरी वाचायला हवं होतं. मांडीवर तक्ताच होता. जानेवारी वाचला. छोटी रेघ, लांब रेघ. छोटी, लांब. फेब्रुवारी अर्ध्यापर्यंत तसाच. मग अठरा फेब्रुवारी. तिथून पुढे नुसती छोटी रेघ. मार्च, नुसत्या छोट्या रेघा. एप्रिल, तसंच. हे मी आधी बघितलं नव्हतं असं नाही. रोज बघत होते. वयामुळे हात थरथरत असेल, लांब रेघ जमत नसेल, असं ठरवून मोकळी झाले होते.

"आज्जीचा हात कापतो का गं?" मी मुलीला विचारलं.

"नाही. परवाच गोधडीला टाके घातले तिनं. का?"

सतरा फेब्रुवारीला शनिवार होता. त्या रात्री मी यादी वाचली होती.

मी उठले आणि सरळ आत गेले. नर्सने अडवलं, "मॅडम, आत येऊ नका," तरी गेले. आत्या स्कॅनहून परत आल्या होत्या. सलाईन लावलेलं. तोंड अजून वाकडंच होतं, पण नजर ठिकाणावर आली होती. मला बघून त्यांनी उजवा हात जरा हलवला.

"आत्या, बीपीची गोळी किती घेत होता?"

मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलंय अशा नजरेने त्यांनी बघितलं. जीभ जड होती. एकेक शब्द ओढून बाहेर काढत म्हणाल्या, "आर्दी."

"अर्धी का?"

"तूच म्हनलीस की. समद्यांनी समदं आर्दं." मग दम घेतला. "टिकबी आर्दीच मारली. खोटी कशाला मारू?"

त्या अडकित्त्याने गोळी कापत होत्या. अडकित्त्याच्या पात्यावर पांढरी भुकटी मी कितीदा पुसली होती. चुना समजून.

डॉक्टर मागे येऊन उभी होती. मला वाटलं ती ओरडेल. तिने नुसता नर्सकडून औषधांचा कागद मागून घेतला आणि लिहिलेलं खोडलं. "आता सांगितलंत ते बरं झालं," ती म्हणाली. "अर्ध्या गोळीच्या माणसाला एकदम दोन दिल्या असत्या तर बीपी कोसळला असता. यांची आहे तीच गोळी पूर्ण देऊन बघू." मग पेन बंद करता करता तिने विचारलं, "आणखी काही अर्धं घेतात का या?"

मी म्हणाले, "नाही." मग म्हणाले, "बघून सांगते."

स्कॅनमध्ये फार मोठं काही निघालं नाही. चौथ्या दिवशी आत्या घरी आल्या. तोंड जवळजवळ सरळ झालं आहे. डाव्या हाताची दोन बोटं अजून नीट मिटत नाहीत. घरी आल्याच्या संध्याकाळी मी सगळ्यांसमोर सांगितलं, "अर्ध्याचा नियम आजपासून रद्द."

"का?" आत्या. "त्याला सहा दिवस बोलवाया लागले का?"

"नाही."

"मग रद्द कसा? हसतीस का काय आमाला?"

नवरा ताटाकडे बघत राहिला. शेवटी मी म्हणाले, "निदान गोळीला नियम नाही."

"बरं. गोळी पुरी," आत्या म्हणाल्या, बाजारात भाव ठरल्यावर म्हणतात तशा.

तेव्हापासून गोळी माझ्यासमोर घेतात. पण त्यांनी नुसती गोळीच अर्धी केली होती, की बाकीचंही? डॉक्टरचा प्रश्न घेऊन मी घरात फिरायला लागले. पहिल्याच आठवड्यात डोळ्यांचे थेंब सापडले. काचबिंदूचे, दोन्ही डोळ्यांत रोज घालायचे. बाटली संपायला हवी होती, ती निम्मी होती.

"आत्या, थेंब घालता ना?"

"घालते की. आज ह्या डोळ्यात, उद्या त्या."

मुलगी हसत सुटली. आत्याही हसल्या, "दोनी डोळं एकदम कशाला? बगायचं एकच हाय." मीही तोंडाला पदर लावला, आणि मग मोरीत जाऊन बादलीच्या काठावर हात टेकून उभी राहिले. डॉक्टरला फोन करून सांगितलं, डोळे तपासून आणले. थेंबही आता माझ्यासमोर.

जूनमध्ये शाळा भरली. माझं ऑफिस दिवसभराचं झालं, मुलगी कॉलेजला. दुपारी आत्या एकट्या. निघताना मी त्यांच्या दोन भाकऱ्या दुरडीत झाकून ठेवते. संध्याकाळी येते तेव्हा दुरडी रिकामी, घासून पालथी.

"जेवलात?"

"जेवले की."

"किती?"

"पोटापुरतं."

जुलै लागला तशी एका सकाळी पुन्हा फोडणीची भाकरी झाली. आत्यांना एका हाताने कुस्करायला जमायला लागलं म्हणून आम्ही कौतुक केलं. मी दुसरा घास घेतला आणि हात थांबला. भाकऱ्या मी माणशी मोजून करते. रात्री एकही उरत नाही, उरलेली मी बघितलेली नाही. मग ही शिळी भाकरी आली कुठून, आणि मेपर्यंत होत होती ती तरी कुठून यायची?

"कालची कुठली भाकरी हो ही?" मी विचारलं.

"व्हती की," आत्या म्हणाल्या आणि माझ्या ताटात अजून एक डाव वाढली. "खा. उशीर हुतोय तुला."

खाल्ली. न खाता उठले असते तर त्यांना कळलं असतं.

समोरासमोर विचारून उपयोग नाही, हे आता मला कळलं आहे. खोटं त्या बोलणार नाहीत, आणि खरं मला पुरेसं सांगणारही नाहीत. एकच मार्ग आहे. न सांगता दुपारी एक वाजता घरी जायचं, कुलपाच्या दुसऱ्या किल्लीने दार उघडायचं आणि त्यांच्या ताटात काय आहे ते बघायचं. ऑफिसातून पायी पंधरा मिनिटं लागतात. दोनदा निघाले. पहिल्यांदा फाटकातून परतले. दुसऱ्यांदा आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. आमचं दार लावलेलं दिसत होतं, आतून भांड्याचा आवाज आला. मी किराणा दुकानाच्या पायरीवर बसले. दुकानदाराने विचारलं, "काय पायजे ताई?" मी काडेपेटी घेतली आणि परत आले.

आत्या दवाखान्यातून आल्यापासून मी त्यांचं वजन केलेलं नाही. डॉक्टरकडे या महिन्यात न्यायचं आहे, आणि ती पुन्हा तेच विचारणार, आणखी काही अर्धं घेतात का. शुक्रवारच्या दुपारच्या रजेचा अर्ज लिहून ड्रॉवरमध्ये ठेवला आहे. कारणाची ओळ कोरी आहे. मुख्याध्यापकांची सही घ्यायची राहिली आहे.