दोघांपुरती बोली

आमच्या घरात ‘दिसत नाही’ याला खूणच नव्हती. एवढ्या एका गोष्टीपायी माझ्या नणंदेनं, म्हणजे वन्संनी, काय काय सोसलं ते लिहून ठेवते आहे. माझं शिक्षण चौथीपर्यंत. पाचवीच्या बाई फार मारतात असं कळलं आणि मी तिथेच थांबले. तेव्हा शुद्धलेखन कुणी मनावर घेऊ नये.

घरात आम्ही तिघं म्हातारी. वन्सं थोरल्या, अडुसष्टच्या. मधले आमचे हे, त्यांना जाऊन बारा वर्षं झाली. धाकटे भाऊजी चौसष्टचे. त्यांना जन्मापासून ऐकू येत नाही, म्हणून तोंडानं बोलणंही नाही. मुक्या मुलांची शाळा लांब होती आणि सासूबाईंना लेकरू नजरेआड नको होतं, त्यामुळे लिहिणं-वाचणंही राहिलं. त्यांचं सगळं बोलणं वन्संशी, आणि तेही हातांनी. ही बोली कुणी शिकवलेली नाही. आठ वर्षांची बहीण आणि चार वर्षांचा भाऊ यांनी ती अंगणात बसून बनवली आणि साठ वर्षं वापरली. जगात ती जाणणारी माणसं दोनच.

माझी नात कॉलेजात असलंच काहीतरी शिकते. खूण म्हणजे काय आणि तिला अर्थ कुठून येतो, यावर म्हणे जाड जाड पुस्तकं आहेत. ती सांगते, खुणांच्या तीन जाती. एक, वस्तूसारखी दिसणारी. दोन बोटं उघडझाक केली की कात्री. दुसरी कुणी करत नाही, ती आपसूक होते. कॉलरवर पिवळा डाग दिसला की समजायचं, इस्त्री जास्त तापली होती. तिसरी नुसती ठरवलेली. डाव्या कोपरावर एक टिचकी म्हणजे काल, दोन टिचक्या म्हणजे उद्या.

मी लग्न होऊन आले तेव्हा वन्संना विचारलं होतं, “कोपराचा आणि उद्याचा संबंध काय हो?”

“काही नाही. ठरलंय,” वन्सं म्हणाल्या. “तुझा तरी आमच्याशी काय संबंध होता? ठरलं, आलीस.”

माझी स्वतःची खूण मला अकरा वर्षांनी कळली. पाची बोटं चोचीसारखी जुळवून भराभर उघडझाक करायची, म्हणजे मी. तोवर मला वाटायचं, भाऊजी कोंबड्यांबद्दल बोलताहेत.

एवढ्या वर्षांत मी जेमतेम तीस-पस्तीस खुणा शिकले. पाणी, जेवण, ये, जा, शर्ट. पुढचं काही असलं की, “वन्सं, काय म्हणतात हो?” घरात दुभाषी असताना कशाला डोकं शिणवायचं, असा माझा हिशेब. तो हिशेब आता मला खातो.

आमचं काम शर्टांचं. कारखान्यातून शिवलेले शर्ट गठ्ठ्यानं येतात. वन्सं काजं-बटणं करतात, भाऊजी इस्त्री मारतात, मी दोरे कापून घड्या घालते. सगळं एकाच खोलीत. वन्सं खिडकीशी, भाऊजी समोर टेबलाशी, म्हणजे दोघांना एकमेकांचे हात दिसतील असं. दिवसभर त्यांच्या गप्पा चाललेल्या असायच्या आणि आवाज फक्त इस्त्रीच्या वाफेचा. मधेच दोघं खुदकन हसायची. मी विचारायचे, काय झालं. वन्सं म्हणायच्या, “काही नाही, सांगण्यासारखं नाही.” नक्की माझ्यावर काहीतरी असणार.

गेल्या वर्षी निळ्या शर्टांना काळ्या दोऱ्यानं बटणं लागायला लागली. भाऊजी ती उसवून शर्ट परत वन्संच्या मांडीवर ठेवायचे. मग एक बटण काजाच्या बोटभर खाली लागलं. मी वन्संना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं.

“काचबिंदू आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “कडेनं जात जात आता मधे आलाय. गेलं ते परत येणार नाही. थेंब घालून उरलेलं जपायचं.”

“किती दिवस पुरेल?” वन्संनी असं विचारलं, जसा पिठाचा डबा आहे.

“वर्ष धरा. कमीही असेल.”

परत येताना वन्सं पायरीवर बसल्या. मला वाटलं चक्कर आली. तर म्हणाल्या, “अंधाराचं काही नाही गं. पण आमचं भांडण झालं की मी काय करते?”

“तोंड फिरवता.”

“तीच आमची अबोल्याची खूण. तो काहीतरी सांगेल, मला दिसणार नाही, आणि त्याला वाटेल मी तोंड फिरवलंय. मरेपर्यंत त्याला वाटत राहील की ताई रागावलीय.” मग म्हणाल्या, “आता खुणा हातावर घ्यायला हव्यात. त्यानं माझ्या तळहातावर करायच्या आणि मी त्याच्या. पण हे ठरवायलाच डोळे लागतात. आहेत तोवर ठरवायला हवं.”

सांगायला सोपं वाटतं. मुळात भाऊजींना सांगायचं कसं, की मला दिसेनासं झालंय? त्या दोघांच्या सगळ्या खुणा दिसणाऱ्या जगातल्या. न दिसण्याची गरज कुणाला कधी पडलीच नव्हती.

वन्संनी डोळे मिटून दाखवले. ती झोपेची खूण. भाऊजींनी भर अकरा वाजता गादी घातली, उशी थोपटून ठेवली आणि वन्संच्या हातातला शर्ट काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन्ही तळहात डोळ्यांवर ठेवले. भाऊजींचा चेहरा असा उजळला की काय सांगू. लहानपणी लपाछपीत राज्य घेणारा असंच करायचा. चौसष्ट वर्षांचा माणूस गुडघे धरत टांगलेल्या शर्टांमागे जाऊन लपला. वन्सं उठून शोधायला गेल्या, काय करणार. वाटेत स्टुलाला अडखळल्या आणि शर्टांच्या ओळीत हात घालून चाचपडत राहिल्या. भाऊजी मागे तोंड दाबून हसत होते. त्यांना वाटलं, ताई मुद्दाम वेळ लावतेय.

मग वन्संनी दिवा बंद केला, दिव्याकडे बोट केलं, स्वतःच्या डोळ्यांकडे केलं. भाऊजींनी मान डोलावली, दुकानात गेले आणि दुप्पट मोठा दिवा आणून लावला. खोलीत दिवाळीसारखा उजेड झाला. वन्संनी त्यांना शाबासकी दिली आणि मोरीत जाऊन तोंड धुतलं, बराच वेळ.

“तुम्ही रडू नका,” मी म्हटलं.

“रडत नाहीये. डोळ्यांत थेंब घालायचे वाचवतेय.”

त्यानंतर वन्संना भीती होती तेच सुरू झालं. भाऊजी टेबलाशी उभे राहून हात हलवायचे, वन्संना ते दिसायचे नाहीत. पहिल्यांदा त्यांनी पाय आपटला, जमिनीचा हादरा जावा म्हणून. वन्संनी मान वर केली, पण नेमकी खिडकीच्या बाजूला. भाऊजी बघत राहिले. मग त्यांनीही तोंड फिरवलं. पुढचे नऊ दिवस दोघं एका खोलीत पाठीला पाठ लावून काम करत होती. मी चोच उघडझाक करत मधे फिरत होते, त्याचा उपयोग शून्य. माझ्या तीस-पस्तीस खुणांत ‘ताई रागावलेली नाही’ कुठून येणार?

दहाव्या दिवशी तपासणी होती. मी भाऊजींचा दंड धरला आणि त्यांनाही ओढत नेलं.

दवाखान्यात न वाचणाऱ्यांसाठी एक तक्ता असतो. त्यावर अक्षरं नाहीत, एकच आकार, तीन दातांच्या कंगव्यासारखा. कुठे दात वर, कुठे खाली, कुठे डावीकडे. मदतनीस काठी टेकवतो आणि आपण तीन बोटं त्या दिशेला करून दाखवायची. भाऊजींना हे भलतंच आवडलं. परक्या ठिकाणी परकी माणसं हातांनी बोलताहेत, हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. रुसवा विसरून ते बाकाच्या कडेला येऊन बसले.

काठी सगळ्यांत मोठ्या कंगव्यावर टेकली. दात वर. वन्संनी बोटं डावीकडे केली.

भाऊजींनी भुवया उंचावल्या. पुढचा कंगवा, दात खाली. वन्संनी बोटं वर केली. आता भाऊजींना राहवेना. ते उठले, तक्त्याच्या बाजूला उभे राहिले आणि गुपचूप आपली तीन बोटं खाली करून दाखवू लागले.

“आजोबा, कॉपी नाही करायची,” मदतनीस हसून म्हणाला.

भाऊजींना कुठे ऐकू येतंय. त्यांनी बोटं आणखी मोठी हलवली. वन्सं समोरच बघत होत्या, थेट त्यांच्याकडे, आणि काही दिसल्याचं चेहऱ्यावर नव्हतं. तोंड फिरवलेलं नव्हतं हो, तोंड समोर होतं. भाऊजी एक पाऊल पुढे आले. बोटं खाली. आणखी एक पाऊल. बोटं खाली. मदतनिसानं काठी खाली घेतली. डॉक्टरीणबाई लिहिता लिहिता थांबल्या. भाऊजी असे एकेक पाऊल येत राहिले, आणि त्यांचा हात वन्संच्या नाकापासून वीतभर राहिला तेव्हा वन्सं दचकल्या आणि म्हणाल्या, “हं. खाली.”

भाऊजींनी आपली वीत पसरली. अंगठा वन्संच्या नाकाला आणि करंगळी स्वतःच्या तळहाताला लावली, आणि ती वीत तशीच धरून डॉक्टरीणबाईंना नेऊन दाखवली. बाईंनी, हो, एवढंच दिसतं, अशी मान हलवली.

मग ते बाकावर जाऊन बसले आणि दोन्ही हात त्यांनी मांड्यांखाली घालून ठेवले. इतकी वर्षं लोक त्यांना मुका म्हणत आले, मला ते कधी खरं वाटलं नव्हतं. त्या दिवशी मी त्यांना मुकं झालेलं पाहिलं.

घरी आल्यावर तासभरानं त्यांनी स्वतःच वन्संचा तळहात ओढून घेतला.

पुढचे चार महिने त्या दोघांनी जे कष्ट केले, तेवढे आम्ही तिघांनी मिळून शर्टांवरही केले नसतील. रोज दुपारी वन्सं तळहात पसरून बसायच्या. भाऊजी आधी वीतभर अंतरावर जुनी खूण करायचे, मग तीच हातावर उमटवायचे. कात्री सोपी गेली, दोन बोटं कातडीवर उघडझाक केली की झालं. काल आणि उद्या कोपरावरून मनगटावर आले. पण ‘डोंगर’ तळहातावर आणि ‘ढीग’ तळहातावर, फरक कसा करायचा? हवेत जे दहा तऱ्हांनी वेगळं दिसायचं ते हातावर एकसारखं लागायचं. तीनएकशे खुणांपैकी सत्तर-पंचाहत्तर पार झाल्या असतील. वीत मात्र थांबत नव्हती. ती चार बोटांवर आली, मग दोन बोटांवर, आणि एका सकाळी वन्सं म्हणाल्या, “खिडकी कुठे आहे एवढं कळतंय, बस.” डॉक्टरीणबाईंचं वर्ष पाच महिन्यांत संपलं.

त्यात डोकं दुखायचं. रोज सकाळी वन्सं ओला रुमाल कपाळाला बांधून बसायच्या आणि भाऊजी उठायच्या आत सोडायच्या. “त्याला कळू द्यायचं नाही,” मला बजावलं होतं. पण भाऊजींनी एकदा दोरीवरचा तो ओला रुमाल हातात घेऊन बघितलेला मी पाहिला.

आणि मग सगळंच अडलं. भाऊजी वन्संच्या हातावर एक चिमटा काढायचे, हलकासा. वन्सं म्हणायच्या, “दुखणं. दुखणं म्हणतोय. बरं, मग? कुणाचं? तुझं दुखतंय का रे?” आणि त्यांचा गुडघा चाचपायच्या. भाऊजी जोरजोरात मान हलवायचे, जी वन्संना दिसायची नाही. पुन्हा चिमटा. पुन्हा. तीन दिवस हेच चाललं. शेवटी त्यांनी वन्संचा हात सोडला आणि टेबलावर डोकं टेकवलं.

“संपलं गं,” वन्सं म्हणाल्या. “एवढीच बोली उरली. नुसते शब्द येताहेत, मागे माणूस कुठे आहे ते कळत नाही.”

भाऊजींनी एकदा पुन्हा प्रयत्न केला. या वेळी मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. दुसरं करण्यासारखं तरी काय होतं?

“वन्सं, चिमटा काढताना त्यांच्या भुवया वर जातात. डोळे मोठे होतात.”

वन्सं बसल्या जागी थिजल्या. “काय म्हणालीस?”

“भुवया. दर वेळी.”

“अगं, मग तो विचारतोय,” त्या हळू म्हणाल्या. “विचारणं भुवईत होतं. हातात नव्हतंच कधी. आम्ही हात तेवढे आणले आणि तोंड तिकडेच ठेवून आलो.”

त्यांनी डावा हात पुढे केला, भाऊजींची हनुवटी सापडली, तिथून वर कपाळ. भाऊजी मागे सरले. सासूबाईंनंतर त्यांच्या तोंडाला कुणी हात लावला नव्हता. मग ते पुन्हा पुढे आले आणि त्यांनी आपलं कपाळ वन्संच्या बोटांखाली आणून ठेवलं.

उजव्या तळहातावर चिमटा. डाव्या बोटांखाली भुवई वर.

दुखतं का?

त्या सकाळीच दोन वेळा रुमाल पिळून बांधला होता. वन्संनी भाऊजींच्या तळहातावर बोट आडवं फिरवलं. नाही.

भाऊजींनी पुन्हा विचारलं. वन्सं पुन्हा नाही म्हणाल्या. तिसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदा नाही. नव्या बोलीतलं पहिलं सरळ उत्तर, आणि ते साफ खोटं. मला हसू आलं, कारण खोटं बोलता यायला लागलं म्हणजे बोलणं परत आलं होतं.

भुवई खाली आली. भाऊजींना ते पटलं, की पटल्यासारखं दाखवलं, ते बोटांखाली वन्संना कळलं असेल. मी विचारलं तर म्हणाल्या, “काही नाही, सांगण्यासारखं नाही.”