ग्राफिक कार्ड आणि औषधाचा वास

आधीच सांगतो, मी या ग्रुपवर आलो तो तुमच्या गोष्टींची टिंगल करायला. पिंपळावरची बाई, मागून येणारी पावलं... वाचायचं, हसायचं, बायकोला वाचून दाखवायचं. आज स्वतःच लिहायला बसलोय. ज्यांना हसायचं त्यांनी हसा.

गाव वरवट बकाल, तालुका संग्रामपूर, जिल्हा बुलढाणा. घराच्या पुढच्या खोलीत माझं लग्नाच्या व्हिडिओंच्या मिक्सिंगचं काम चालतं. जुना कॉम्प्युटर रडतखडत चालायचा, म्हणून अकोल्याहून तयार जोडलेला गेमिंग पीसी आणला. बाजूला काच, आत रंगीत लाइटचे पंखे. वैनी म्हणाली, "गणपतीची आरास आणली का भाऊजी?"

पैसे दादाच्या कापसाचे होते. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. घरची शेती तो बघतो, वर दुसऱ्यांच्या वावरात रोजानं फवारणीला जातो. बीटी बियाणं आलं तेव्हा लोक म्हणायचे, आता फवारणीची कटकट गेली. गेली कुठली! गुलाबी अळी बोंडात घर करून बसली आणि दादाच्या पाठीवरचा पंप काही उतरला नाही. तोंडाला फडकं बांध म्हटलं की चिडायचा, "उन्हात श्वास घेऊ का फडकं सांभाळू बे?" हल्ली जेवताना त्याचे हात थरथरायचे. मशीन आलं त्या दिवशी मात्र तो स्वतःहून बोलला, "गजा, तुहं हे मशीन चाललं ना, की मी पंप खाली ठेवतो."

आणि मशीन चालेना.

व्हिडिओ अर्धा रेंडर झाला की स्क्रीन काळी, पंखे विमानासारखे ओरडणार, मग आपोआप रिस्टार्ट. मेसेज एकच — डिस्प्ले ड्रायव्हर प्रतिसाद देत नाही. ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला. आतलं ग्राफिक कार्ड काढून, पुसून पुन्हा बसवलं. केबल बदलली, पॉवर सप्लाय बदलला. अर्थिंगचा खड्डा नव्यानं खणून कोळसा-मीठ भरलं, त्यात रोज बादलीभर पाणी ओतायचो. बायको म्हणायची, तुळशीला कधी घातलं नाही एवढं! अकोल्याला दुकानात नेलं तर तिथे दिवसभर गेम चालवून दाखवला त्यांनी. काहीच झालं नाही. घरी आणलं, पुन्हा तेच.

पाऊस असला की मात्र मशीन दिवसभर सुरळीत चालायचं. मी म्हटलं, शेतातल्या मोटरी बंद असतात, व्होल्टेज नीट मिळतं. स्टॅबिलायझर आणला. फरक शून्य. लग्नवाले फोन करून शिव्या द्यायला लागले. एकदा तर त्या काचेवर डोकं टेकून मी चक्क रडलो. माझ्या एकट्याचं काम अडलं असतं तर एवढं लागलं नसतं, पण दादा रोज सकाळी पंप उचलताना विचारायचा, "चाललं का रे?" आणि मी नाही म्हणून मान हलवायचो.

एके दिवशी भर दुपारी स्क्रीन पुन्हा गेली. मी कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडे पुण्याची एक मुलगी, फार शांत बोलणारी.

"सर, जळका वास येतोय का?"

"जळका नाही... औषधाचा येतोय."

असा वास याआधीही यायचा. पण आमच्या घरात दादाचे कपडे, डबे, सगळ्यालाच तो वास. त्यात लक्ष काय द्यायचं?

"औषधाचा म्हणजे? दवाखान्यात येतो तसा?"

"नाही हो मॅडम. औषध म्हणजे... पऱ्हाटीवर, कापसाच्या झाडांवर मारतात ते. अळीचं. फवारताना..."

बोलता बोलता एकदम डोक्यात आलं. पाऊस असला की फवारणी बंद असते. मोटरी नव्हे, फवारणी! मी अकोल्याला गेलो त्या दिवशी तर दादा माझ्यासोबतच होता, मशीन उचलायला.

ती "सर? सर?" करत होती. वास एवढा वाढला की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी फोन तसाच टाकला आणि गाडी काढली.

त्या दिवशी फवारणी आमच्याच वावरात होती, पऱ्हाटी माणसाच्या वर गेलेली. बांधावरून काही दिसेना. "दादा! ए दादा!" ओरडत तासातासांतून, पऱ्हाटीच्या ओळींमधून पळालो, प्रतिसाद नाही. सापडला तो पालथा पडलेला, पाठीवर पंप, तोंडाला फेस. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर हाती लागला नसता.

दादा वाचला. घरी आल्यावर त्यानं पंप माळ्यावर टाकला. त्या दिवसापासून मशीन एकदाही बंद पडलं नाही. कार्ड तरीही कंपनीला पाठवलं होतं, ते 'दोष आढळला नाही' म्हणून परत आलं. मी मनाला समजावलं की योगायोग असतात. दादालाही यातलं काही सांगितलं नाही, त्यानं वेड्यात काढलं असतं.

मग परवा, एका हळदीचा व्हिडिओ करत होतो. स्क्रीन काळी झाली. तोच वास.

"वैनी, दादा कुठाय?"

"शेगावले गेले नं, दर्शनाले. काऊन?"

मी माळ्यावर पाहिलं. पंप नव्हता.

स्टँडवर विचारलं तेव्हा पानठेल्यावाल्यानं नाल्याकडे बोट केलं. तिकडे दुसऱ्याच कोणाच्या वावरात दादा उभा होता. उभा होता! घामानं निथळत होता, पाय लटपटत होते, पण उभा होता. मी पट्टे ओढून पंप उतरवला आणि त्याला तिथेच घट्ट धरलं. कितीतरी वेळ सोडलंच नाही.

त्यानं बाहीनं कपाळ पुसलं.

"मी तं घरी बी सांगतलं नाई गजा. तुले कोनं सांगतलं बे?"

काय सांगू त्याला? तुमच्यापैकी कोणाला माहीत असेल तर सांगा. दादा रोज विचारतो, आणि मी रोज मशीन सुरू करून वास येतो का ते बघतो.